चार बोटं तांबडी

पहिल्याच दिवशी नानांनी माझ्या चहाच्या ग्लासात एक काडी बुडवली. विचारलं नाही, सांगितलं नाही. बुडवली, वर काढली, डोळ्यांसमोर धरली आणि म्हणाले, "चार बोटे शे. चाली." मग तीच काडी सदऱ्याला पुसून त्यांनी स्वतःचा चहा मोजला. तो तीनच बोटं भरला. चहावाल्याकडे त्यांनी अशा काही नजरेनं पाहिलं की तो बिचारा मुकाट्यानं आणखी ओतून गेला.

मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली मुलगी. आमच्याकडे रुळांमधलं अंतर ठरलेलं, गाडीची वेळ ठरलेली, वडिलांच्या डब्यातल्या पोळ्यासुद्धा ठरलेल्या. त्यामुळे 'चार बोटं' हे माप ऐकलं तेव्हाच माझं डोकं फिरलं. शिवाय माझा चहा उष्टा झाला होता तो वेगळाच. मी म्हटलं, "नाना, चार बोटं म्हणजे किती सेंटिमीटर?"

नानांनी मान वर न करता विचारलं, "कोना?"

"कोना म्हणजे?"

"कोना बोटे? तुन्हा का मन्हा?"

मी तो उष्टा चहा पिऊन टाकला. नोकरीचा पहिला दिवस होता.

आमचं ऑफिस जळगावात, ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या एका दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं. धंदा असा की खदानीच्या जमिनीखाली कुठला दगड किती खोलवर आहे ते बोअर मारून बघायचं, ते सगळं संगणकात भरायचं, आणि मग खदान कुठून, किती उतारानं, किती पायऱ्यांत खोदायची याचा आराखडा काढून मंजुरीला पाठवायचा. संगणकात भरायचं काम माझं. माझ्या वरचे ते साहेब, चांगले माणूस, पण त्यांना सॉफ्टवेअर चालू आणि बंद एवढंच करता यायचं. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत नाना.

नानांचा हुद्दा काय होता हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पगारपत्रकात ते 'सल्लागार' होते. साहेब म्हणायचे, "अनुभवी आहेत, असू दे." नानांना विचारलं तर म्हणायचे, "मी थर वाचस." म्हणजे कोअरच्या पेट्या समोर ठेवल्या की ते सांगायचे हा दगड कुठला आणि ती माती कुठली. कोअर म्हणजे बोअरमधून निघालेली दगडाची लांब कांडी; ती तुकड्या-तुकड्यानं कप्प्यांच्या पेटीत मांडून ठेवतात. नाना त्या पेट्यांसमोर उकिडवे बसायचे, दगडावर पाणी शिंपडायचे, नखानं खरवडायचे आणि शेवटी चाटायचे. हो, चाटायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघू लागले, जणू एखाद्याचं खासगी काही चाललंय.

"कोना?" हा त्यांचा आवडता शब्द. दहा वाजले म्हटलं की, "कोना?" कारण ऑफिसचं घड्याळ पुढे होतं, साहेबांचं मागे, आणि नाना कुठलंच मानत नव्हते. वीस मीटरवर पाणी लागलं म्हटलं की, "कथाईन?" जमिनीपासून की बोअरच्या पाइपाच्या तोंडापासून की विहिरीच्या कठड्यापासून? मी चिडून म्हणायचे, "नाना, मीटर म्हणजे मीटर!" ते म्हणायचे, "मीटर बठ्ठास्ना एकच शे, माय. मोजणारा येगयेगळा शेतस." 

सॉफ्टवेअरला ते 'जवाई' म्हणायचे. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं, काही पुढे सरकेना, की लांबूनच विचारायचे, "जवाई रुसना का?" आणि मी बंद करून परत चालू केलं की समाधानानं म्हणायचे, "मानपान लागस त्याले."

आता थरांचं सांगते. सॉफ्टवेअरला पहिल्यांदा थरांची यादी द्यावी लागते. कुठला थर, त्याचं नाव काय, कोणावर कोण बसलाय. ही यादी एकदा चुकली की पुढचं सगळं चुकतं. धुळ्याच्या पुढे एका शेठची काळ्या दगडाची मोठी खदान होती, तिचा आराखडा माझं पहिलं स्वतंत्र काम. साहेब म्हणाले, यादी नानांकडून घे.

नानांनी पाठकोऱ्या कागदावर यादी लिहून दिली. सहा नावं. थोरला, सुकदेव, आक्का, धाकला, पाहुणा, माय.

मला वाटलं चुकून घरचा कागद दिला.

"थरांची आहे ही यादी?"

"मंग कोनी?"

थोरला म्हणजे सगळ्यात खालचा, सगळ्यात जुना काळा दगड. आक्का म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा, भोकांचा, जरा नाजूक दगड, ज्याला विहिरीवाले मांजऱ्या म्हणतात. धाकला म्हणजे वरचा काळा दगड. पाहुणा म्हणजे मुरूम, कारण तो मूळचा इथला नाही, दगडाचा झालेला आहे, आणि तरी सगळ्यात जास्त जागा अडवून बसतो. माय म्हणजे काळी माती. सुकदेवचं काही त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "तांबडी माती शे. चार बोटे. थोरला आनि आक्कानी मझार." म्हणजे त्या दोघांच्या मध्ये.

मी नावं तशीच इंग्रजी अक्षरांत भरली, यादीत ज्या क्रमानं होती त्या क्रमानं, आणि दुपारभर खपून खदानीचं चित्र उभं केलं. साहेब मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "काळी माती खाली कशी गेली गं?"

खरोखरच गेली होती. वर कठीण काळा पाषाण, त्याच्याखाली सगळं उलटं, आणि साठ मीटर खोल तळाशी कापूस पिकवणारी काळी माती. अख्खी खदान डोक्यावर उभी होती. सॉफ्टवेअर यादीतलं पहिलं नाव सगळ्यात वरचा थर समजतं. नानांनी पहिलं नाव सगळ्यात खालच्या दगडाचं लिहिलं होतं.

मी कागद घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. "नाना, हे उलटं लिहिलंय तुम्ही."

"उलटं काबरं? थोरला शे तो."

"पण तो खाली आहे ना!"

"तुन्हा लगननी पत्रिका छापतीन, तव्हय आजानं नाव खाले आनि तुन्हं वर छापशी का?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी कागदावर पाहिलं. आणि मग साहेब म्हणाले, "बरोबर आहे नानांचं. वडीलधाऱ्याचं नाव खाली कसं लिहायचं?" मी हात जोडले. लग्नाच्या पत्रिकेत कोणाचं नाव कोणाच्या वर यावरून दोन-दोन वर्षं बोलणं टाकणारी माणसं आहेत आमच्याकडे. त्यांच्यापुढे सॉफ्टवेअरची काय कथा. मी यादी उलटी भरली. नाना दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुरणाचे मांडे घेऊन आले आणि घडी घातलेला मांडा माझ्यापुढे धरून म्हणाले, "सांग, थर कितला?" मी मोजून आठ सांगितले. त्यांनी घडी उलगडली. एकच होता. हसले, आणि मांडा मला दिला. हा धडा होता, टोमणा होता की समेट होता, मला कळलं नाही. मांडा मात्र उत्तम होता.

खरी भानगड सुकदेवची झाली.

धुळ्याच्या खदानीत चार बोअर मारले होते. चारही पेट्या मी स्वतः तपासल्या. तांबडी माती एकाही पेटीत नव्हती. बाविसाव्या मीटरच्या आसपास प्रत्येक पेटीत एक छोटी रिकामी जागा होती, तिथे बोअरवाल्यानं लाकडाचा ठोकळा ठेवलेला. असं होतं कधीकधी. बोअर मारताना वापरलेल्या पाण्यात मऊ माती वाहून जाते किंवा दगडाचा चुरा होतो, आणि कांडी तेवढी कमी भरते. काय गेलं ते कोणालाच माहीत नसतं.

"नाना, सुकदेव कुठेच नाही."

"जठे काहीच नही, तठेच तो शे."

"दिसला नाही ना पण!"

"दखायना नही म्हनजे नही शे का?"

नानांनी चौथ्या पेटीतला ठोकळा उचलला. त्याच्या एका बाजूला तांबूस डाग होता. त्यांनी तो चाटला, डोळे मिटले आणि म्हणाले, "गेरू." मग माझ्यापुढे धरला. मी का चाटला ते मला विचारू नका. मला लाकडाची चव लागली. तेवढ्यात बोअरवाला जिना चढून आला. आम्हा दोघांच्या मध्ये तो ठोकळा बघून म्हणाला, "नाना, त्यावर मी लाल खडूनं आकडा टाकेल व्हता, मंग मीच पुसी टाका."

माझा सगळा गोंधळ त्या ठोकळ्यापासून सुरू होतो. डाग गेरूचा की खडूचा? माती खदानीत आहे की या माणसाच्या डोक्यात? नाना बोअरवाल्याचं ऐकूनही न ऐकल्यासारखं करून म्हणाले, "लिख. चार बोटे."

यात काय अडलं होतं ते सांगते. खदानीची भिंत सरळ उभी ठेवली तर दगड जास्त निघतो. तिरपी ठेवली, मध्ये रुंद पायऱ्या सोडल्या, तर पुष्कळ दगड तसाच राहतो. दोन कठीण दगडांमध्ये अशी मऊ मातीची पट्टी असेल आणि तिच्यावर पाणी बसलं, तर वरचा दगड तिच्यावरून घसरतो. तेव्हा यादीत सुकदेव असेल तर भिंत तिरपी काढावी लागणार. नसेल तर उभी चालेल. आणि भिंतीच्या पायथ्याशी दिवसभर माणसं असणार, पोकलेनचा ड्रायव्हर, सुरुंगाची भोकं पाडणारे, डंपरवाले. शेठला अर्थातच उभी भिंत हवी होती. त्याचा रोज फोन. साहेब म्हणाले, "अगं, चारही बोअरमध्ये नाही, तर शून्य टाक आणि मोकळी हो."

मी शून्य टाकलं. मला वर्षभराच्या बोलीवर घेतलं होतं, वर्ष संपल्यावर कायम करायचं की नाही ते ठरणार होतं, आणि डोळ्यांना न दिसलेली माती नोंदवायला मला कोणी शिकवलं नव्हतं. शून्य टाकलं की यादीत एक नाव रिकामं राहत होतं, म्हणून मी ते नावच काढलं. पाच थर. भिंत उभी. चित्र देखणं आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब जेवायला गेले होते. नानांनी छापलेला कागद पाहिला. बोट ठेवून नावं मोजली. पाच. परत मोजली. मला वाटलं आता ओरडतील. ते माझ्या टेबलाशेजारी स्टूल ओढून बसले, खिशातून ती काडी काढली आणि माझ्या कीबोर्डवर ठेवली.

मी ती पहिल्यांदा नीट पाहिली. बाभळीची, झिजून गुळगुळीत झालेली, तिला बोटाबोटाच्या अंतरावर चार खाचा. चहा मोजायची, केळी मोजायची, माझ्या टेबलाचं भिंतीपासूनचं अंतर मोजायची ती काडी.

नाना म्हणाले, "हाई सुकदेवना चार बोटे शेतस."

मग त्यांनी सांगितलं. तुटक-तुटक, मधेच थांबून, काही वेळा त्यांच्या बोलीत, काही वेळा ऑफिसच्या मराठीत. तरुणपणी ते जामनेरच्या बाजूला विहिरींवर काम करायचे. विहीर खोदली जाताना काठावर बसून कुठल्या खोलीवर काय लागलं ते वहीत लिहायचं. खाली खोदणारा सुकदेव. नानांच्याच वयाचा, हसरा, मोठ्या आवाजाचा. तो खालून ओरडून सांगायचा आणि नाना वर लिहायचे. पातळ थर असला की सुकदेव त्याला बोटं लावायचा आणि ओरडायचा, दोन बोटं, चार बोटं. नाना वरून विचारायचे, "कोना?" कारण बाकीच्या खोदणाऱ्यांची बोटं जाड होती आणि वहीत सगळंच चुकायचं. शेवटी कंटाळून सुकदेवनं बाभळीच्या काडीवर आपल्या बोटांच्या खाचा पाडून ती वर पाठवली, टोपलीतून. "घे," म्हणाला, "आते इचारू नको कोना."

एक दिवस तो खालून ओरडला, "नाना, तांबडी लागनी, चार बोटे."

"मी लिखं नही," नाना म्हणाले.

तांबडी लागली असं वहीत लिहिलं असतं तर काम थांबवून आधी विहीर आतून बांधून घ्यावी लागली असती, आठ-दहा दिवस मोडले असते. नाना वरून म्हणाले, चार बोटांचा थर कोण लिहितो, चल पुढे. सुकदेव पुढे गेला. तिसऱ्या दिवशी वरचा दगड सरकला. सुकदेव खालीच होता.

"त्यानी सांगं व्हतं. मी लिखं नही." नानांनी काडी उचलली आणि परत ठेवली. "वहीमा आजबी काहीच नही. कोनी बी दखं ते म्हनी, तठे तांबडी नव्हती."

 माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी मला रागही आला. रागाचं कारण सरळ होतं. ही जामनेरची विहीर होती, आणि आमची खदान धुळ्याला. तिथे चार बोटं तांबडी होती म्हणून इथे असेलच असं कुठे आहे? हा माणूस आपल्या मनातली माती माझ्या यादीत घालायला सांगतोय. मी तसं म्हणालेसुद्धा. "नाना, इथे ती आहे हे तुम्हाला खरंच माहीत आहे का?"

"नही," नाना म्हणाले. "तुले माहीत शे का, ती नही शे म्हनून?"

"नाही."

"मंग शून्य कसं लिखं तू?"

साहेब जेवून आले तेव्हा मी पडद्यासमोर बसले होते आणि यादीत सहा नावं होती. चारही बोअरमध्ये, बाविसाव्या मीटरवर, सुकदेव. जाडी मी काडीवरून पट्टीनं मोजून घातली. सात सेंटिमीटरला थोडी कमी भरली. भिंत तिरपी झाली होती आणि तिच्यात दोन रुंद पायऱ्या आल्या होत्या.

साहेब म्हणाले, "हे परत का आलं?"

मी आयुष्यात साहेबांशी एकदाच खोटं बोलले, ते तेव्हा. "सर, सॉफ्टवेअर घेतच नाहीये. तो थर काढला की पुढचं मॉडेल बनत नाही."

साहेब वाकून पडद्याकडे बघत राहिले. त्यांना त्यातलं काहीच कळत नव्हतं हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत असावं. कोपऱ्यातून आवाज आला, "जवाई रुसना का?"

"हो नाना."

"मंग मानपान करना पडी."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "राहू दे मग. शेठला मी सांगतो." आराखडा तसाच गेला आणि तसाच मंजूर झाला.

त्यानंतर काही महिन्यांतच नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि ते दोंडाईचाजवळच्या आपल्या गावी, मुलाकडे गेले. निघताना मी काडी मागितली. म्हटलं, आठवण म्हणून द्या. त्यांनी खिशावर हात ठेवला. "मन्ही नही शे ती," म्हणाले. मला वाईट वाटलं. इतकं केलं होतं मी त्यांच्यासाठी, एक काडी द्यायला काय झालं होतं, असंही वाटलं.

आणि मग माझे हाल सुरू झाले. शेठनं पश्चिमेच्या बाजूनं खोदायला सुरुवात केली. बाविसावा मीटर आला. मी जळगावहून धुळ्याला धावत गेले. भिंतीत काळ्या दगडाखाली ठिपक्यांचा दगड, ठिपक्यांच्या खाली परत काळा. मध्ये काही नाही. तांबडं म्हणून कुंकवाएवढंसुद्धा नाही. शेठ माझ्या शेजारी उभा राहून गोड आवाजात म्हणाला, "ताई, आपला सुकदेव दाखवा ना आम्हाला."

पुढे प्रत्येक भेटीत तो हेच म्हणायचा. साहेब काही बोलायचे नाहीत, पण वर्ष संपलं तेव्हा त्यांनी मला कायम केलं नाही. "अजून सहा महिने बघू" म्हणाले. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नव्हतं. मी माझ्याच यादीकडे बघायचे. पाच नावं दगडामातीची आणि एक मेलेल्या माणसाचं. एका म्हाताऱ्याची गोष्ट ऐकून मी शेठचा केवढा तरी दगड जमिनीत ठेवला होता. नानांना फोन करावा असं कितीदा वाटलं, पण काय विचारणार? ठोकळ्याला खरंच गेरूची चव होती का, हे?

पावसाळा सरता सरता एका सकाळी खदानीवरच्या मुकादमाचा फोन आला. पूर्वेच्या कोपऱ्यात वरचा माल सरकला होता. मी पोहोचले तेव्हा पोकलेन बंद होतं आणि सगळे एका जागी उभे राहून वर बघत होते. घराएवढे दोन धोंडे आणि ढीगभर दगड वरच्या रुंद पायरीवर येऊन बसले होते. तिथेच. खाली पायथ्याशी एक खडाही आला नव्हता. शेठ आला होता. त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं.

जिथून दगड निघाला होता तिथे भिंतीवर एक पट्टी उघडी पडली होती. ओली, तांबडी. जिथे असेल असं नानांनी सांगितलं होतं तिथे नव्हती. माणूसभर तरी खाली होती. आणि पश्चिमेला तर नव्हतीच. मग नाना बरोबर होते की चूक? जिथे सांगितली तिथे नाही, पण आहे. याचं उत्तर कोणी ठामपणे देऊ लागलं तर माझा त्याच्यावर विश्वास बसत नाही.

मुकादम वर धोंड्यांवर नजर ठेवून उभा राहिला आणि मी बाजूनं जपून तिथवर गेले. मोजायची पट्टी पिशवीत राहिली होती, आणि पिशवी खाली गाडीत. मी हात पुढे केला आणि मातीला बोटं लावली. चारही बसली. तशीच खाली आले आणि डाव्या हातानं फोन लावला.

"नाना, मी. ऑफिसमधली."

"बोल, माय."

"धुळ्याला माल सरकला, नाना. पूर्वेच्या कोपऱ्यात. तांबडी आहे तिथे."

त्यांनी किती ते विचारलं नाही, कुठे ते विचारलं नाही. "खाले कोन्ही व्हतं का?"

"नाही नाना. कोणीच नव्हतं. सगळं पायरीवर अडकलं."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"कितली शे?"

"चार बोटं."

"कोना?"

मी हाताकडे पाहिलं. चारही बोटं मुळापर्यंत तांबडी झाली होती.

"माझी, नाना."

"मंग तुन्हा लिख," नाना म्हणाले. "त्याना राहू दे आते."